न भरणाऱ्याचं काय करायचं, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अग्निशमन, रुग्णवाहिका, पाणी, कचरा, पथदिवे या सगळ्यांसाठी सरसकट कर घेण्यापेक्षा प्रत्येक सेवेची वेगळी वर्गणी ठेवावी; हवी त्याने भरावी, नको त्याने भरू नये. तुमच्या घरी आजवर बंब बोलवावा लागलेला नाही, मग त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे? त्यात कर एकदा तिजोरीत गेला की कुठे जिरला ते कळत नाही. वर्गणीची निदान पावती तरी हातात राहते. आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की एका रुग्णवाहिका सेवेचं वार्षिक सभासदत्व घ्यावं की नाही.

स्थानिक संस्थांची अंदाजपत्रकं मांडणं आणि सेवांचे दर काढणं हेच माझं काम. म्हणून तत्त्वचर्चेत न शिरता जमाखर्चाच्या अंगाने उत्तर देतो. सगळ्या सेवांना बसेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. पाण्याला लागू पडतं ते बंबाला पडत नाही, दाट वस्तीत चालतं ते विरळ वस्तीत कोलमडतं, आणि वसुलीची यंत्रणा कशी आहे यावर तर निम्मं अवलंबून असतं. विचार करायची रीत मात्र सगळीकडे तीच.

दर ठरवायच्या बैठका बहुतेक वेळा "किती आकारायचं?" इथून सुरू होतात. मी त्याआधी एक प्रश्न टेबलावर ठेवतो: जो भरणार नाही, त्याचं काय करायचं? सेवा नाकारायची? कागदावर नव्हे, प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा, त्याच्या दारात उभं राहून? "हो, नाकारू" असं ठामपणे म्हणता येत असेल आणि तसं वागताही येत असेल, तरच ते शुल्क ऐच्छिक. "छे, तेव्हा द्यावीच लागेल," असं उत्तर आलं तर तुम्ही ज्याला वर्गणी म्हणताय ती भरणाऱ्याने भरायची आणि न भरणाऱ्यालाही मिळायची अशी गोष्ट झाली. ती फार काळ कोणी भरत नाही. हा प्रश्न टाळून केलेल्या योजना पुढे बिघडलेल्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि बिघाड नेमका याच जागी सापडतो.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचं छोटं शहर आहे. तुम्ही सुचवताय ती योजना तिथे शब्दशः राबवली गेली. शहराच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण घरांना वर्षाला ७५ डॉलर भरून शहराच्या अग्निशमन दलाची सेवा घेता येत होती, सक्ती अजिबात नाही. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. घरमालक फोनवर म्हणत होता, काय लागेल तो खर्च देतो, या. दल आलं नाही. पुढे आलं ते शेजारच्या वर्गणीदाराची मालमत्ता वाचवायला. त्यांच्या डोळ्यांदेखत घर जळून गेलं, आत तीन कुत्री आणि एक मांजर होतं. देशभर संताप उसळला. पुढच्या वर्षी तिथेच तसंच दुसरं घर जळालं. त्यानंतर मात्र धोरण बदललं: वर्गणी नसली तरी आग विझवायची आणि मागाहून मोठं बिल लावायचं.

संताप साहजिक होता, पण त्या दलाची बाजू मी समजू शकतो. त्या रात्री ७५ डॉलर हातावर घेऊन आग विझवली असती, तर दुसऱ्या वर्षी कोणी शहाण्याने आगाऊ वर्गणी भरलीच नसती. आग लागल्यावर विहीर खणायची सोय असेल, तर आधी विहीर खणायला माणसं येतील कशाला? नियम पाळला तर क्रौर्य दिसतं, मोडला तर योजना बुडते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांनी १९७५ मध्ये याच पेचावर लिहिलं होतं: मदत करणारा ऐनवेळी मदत करणारच, हे समोरच्याला ठाऊक असलं की समोरचा स्वतःची तजवीज करायचं सोडून देतो. आणि मागाहून मोठं बिल लावण्याच्या उपायाबद्दल वसुलीचं काम केलेल्या कुणालाही विचारा. ज्याचं घर नुकतंच जळालंय, त्याच्याइतका अवघड थकबाकीदार दुसरा नाही.

आता तुमचा मुद्दा: आजवर बंब बोलवावा लागला नाही. अग्निशमन ठाण्याचा जमाखर्च उघडून पाहिलात तर मोठा आकडा पगारांचा असतो. चोवीस तास, तीन पाळ्यांत, सज्ज बसलेल्या माणसांचे पगार. त्यापाठोपाठ गाड्या, ठाण्याची इमारत, सराव, संपर्क यंत्रणा. महिन्यात दोन आगी लागोत की वीस, यातलं जवळजवळ काहीच बदलत नाही. आणखी एका कॉलने वाढतो तो थोडा इंधनखर्च, थोडा फोम, होजपाइपची झीज. मी याला तयारीचा खर्च आणि वापराचा खर्च असं वेगळं करतो, आणि कुठल्याही सेवेचा दर काढताना पहिलं काम हेच असतं: या दोन रकमा वेगळ्या काढणं. अग्निशमनात जवळजवळ सगळा खर्च तयारीचा आहे. म्हणजे जी गोष्ट विकत घेतली जाते ती "आग विझवणं" नसून "फोन केल्यावर काही मिनिटांत कोणीतरी येईल अशी व्यवस्था" ही आहे. ती व्यवस्था तुम्ही रोज रात्री वापरता. झोपेत वापरता, एवढंच.

असा खर्च प्रत्येक कॉलवर आकारला तर दर इतका अवाढव्य होतो की लोक फोन करायला कचरतात, आणि उशिरा कळवलेली आग शेजाऱ्यालाही घेऊन जाते. वार्षिक ऐच्छिक वर्गणीवर टाकला तर वेगळंच गणित सुरू होतं. समजा एका भागात १,००० घरं आहेत आणि ठाण्याचा वार्षिक खर्च १०,००,००० आहे. सगळ्यांनी भरलं तर घरटी १,०००. आता ज्यांची घरं नवी, पक्की, सुटी आहेत असे ४०० जण म्हणाले, आम्हाला नको. ठाणं तेवढंच लागतं, खर्च तोच राहतो, उरलेल्या ६०० जणांवर प्रत्येकी १,६६७ बसतात. हा आकडा बघून आणखी २०० बाहेर पडतात. आता २,५००. शेवटी राहतात ते सगळ्यात धोकादायक घरांचे मालक, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ऐपतच नसते. विम्याच्या धंद्यातल्या लोकांना हे गणित तोंडपाठ आहे. सार्वजनिक सेवांच्या चर्चेत ते का कोण जाणे, विसरलं जातं.

लंडनने हा सगळा रस्ता पायी तुडवलाय. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर, १६८० च्या सुमारास तिथे आगीचा विमा सुरू झाला आणि विमा कंपन्यांनी आपापली अग्निशमन पथकं ठेवली. विमा उतरवलेल्या घरांवर कंपनीच्या खुणेचा धातूचा पत्रा ठोकलेला असे. पत्रा नसलेलं घर ही पथकं जळू देत, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण इतिहासाचे अभ्यासक ती फारशी खरी मानत नाहीत. दाटीवाटीच्या शहरात बिनविम्याचं घर जळू देणं म्हणजे शेजारचं विम्याचं घर पेटवणंच होतं. म्हणजे नाकारणं शक्यच नव्हतं. मग बिनविम्याच्या लोकांना संरक्षण फुकट मिळत राहिलं आणि त्याचा भार विमाधारकांच्या हप्त्यावर. १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी पथकं एकत्र केली आणि जेम्स ब्रेडवुड यांच्याकडे सोपवली. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरच्या गोदामांची प्रचंड आग लागली, ब्रेडवुड तिथेच भिंत कोसळून मेले, आणि कंपन्यांनी सरकारला सांगितलं की आता हे ओझं आम्हाला पेलत नाही.

१८६५ च्या कायद्याने जे दल उभं राहिलं, त्याचं अंदाजपत्रक मला फार आवडतं. पैसा तीन ठिकाणांहून यायचा: मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी, सरकारकडून वर्षाला १०,००० पौंड, आणि विमा कंपन्यांकडून उतरवलेल्या प्रत्येक दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड. ज्यांच्या मालमत्तेला संरक्षण मिळतं त्यांनी मालमत्तेच्या प्रमाणात, ज्यांचा तोटा वाचतो त्या कंपन्यांनी धंद्याच्या प्रमाणात, आणि सरकारी इमारतींमुळे सरकारनेही. यात "जो लाभ घेतो त्याने भरावं" हे तुमचं तत्त्व पुरेपूर आहे. नाही ते फक्त "नको असेल तर भरू नका".

इथे तुम्ही म्हणाल, पण ऐच्छिक पैशांवर चालणाऱ्या सेवाही आहेत की. आहेत, आणि त्या नीट पाहायलाच हव्यात, कारण ऐच्छिक शुल्काची बाजू मांडणारे त्यांचीच नावं घेतात.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून मुख्यतः देणग्यांवर चालते. १८५४ ते १८६९ या काळात तिने सरकारी अनुदान घेतलं आणि मग सोडून दिलं. पण बारकाईने पाहा: तिच्या बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक, म्हणजे सगळ्यात मोठा खर्चच नाही, आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा लोकांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमांचा. बुडणाऱ्याला "देणगी दिली होतीस का?" असं कोणी विचारत नाही. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. याला दान म्हणतात, शुल्क नव्हे. शतकानुशतकं जमलेली अशी सद्भावना असेल तर जरूर तिच्यावर सेवा चालवा, पण मलनिस्सारण वाहिन्यांसाठी कोणी मृत्युपत्रात रक्कम ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडच्या रेगा या हवाई बचाव संस्थेचं. १९५२ मध्ये ती स्थापन झाली, १९६६ पासून लोकांकडून ऐच्छिक वार्षिक वर्गणी घेते, आणि आज तिचे तीस लाखांहून जास्त वर्गणीदार आहेत. एवढ्याशा देशात हा आकडा थक्क करणारा आहे. वर्गणीदाराला बचावकार्याचा जो खर्च विम्यातून मिळत नाही, तो संस्था माफ करू शकते. पण वर्गणी नसलेल्यालाही हेलिकॉप्टर उचलून आणतंच, आणि त्याचं बिल आधी विमा कंपनीकडे जातं. त्या देशात आरोग्यविमा सगळ्यांना सक्तीचा आहे. म्हणजे ऐच्छिक वर्गणीच्या मागे सक्तीच्या हप्त्यांची भिंत उभी आहे. ती भिंत नसती तर रेगालाही तोच टेनेसीचा प्रश्न पडला असता.

तिसरं, दीपगृहं. दीपगृहाचा उजेड अमुक जहाजाला द्यायचा आणि तमुक जहाजाला नाही असं करता येत नाही, म्हणून ते सरकारनेच चालवावं, असं अर्थशास्त्राची पुस्तकं पिढ्यानपिढ्या सांगत आली. रोनाल्ड कोझ यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये कित्येक दीपगृहं खासगी लोकांनी बांधली आणि बंदरात गोळा केलेल्या शुल्कावर चालवली. खासगीकरणवाल्यांना हे उदाहरण फार प्रिय. पण ते शुल्क ऐच्छिक कुठे होतं? दर राजाज्ञेने ठरायचे आणि बंदरात आलेल्या जहाजाला ते चुकवता येत नव्हते. चालक खासगी असू शकतो, वसुली बंदरावर होऊ शकते, तरी भरणं सक्तीचं असू शकतं. सेवा कोण चालवतो, पैसा कुठून येतो आणि भरणं सक्तीचं आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत ते एकाच गाठोड्यात बांधले जातात आणि मग भांडण भलत्याच मुद्द्यावर रंगतं.

एवढं वाचून मी शुल्काच्या विरोधात आहे असं वाटलं असेल. तसं नाही. जिथे वापरणाऱ्याच्या हातात नळाची तोटी आहे, तिथे मी वापरावर आकारणीचा आग्रह धरतो. पाणी हे त्यातलं ठळक. मीटर नसेल आणि सगळ्यांना एकच पट्टी असेल, तर गळका नळ दुरुस्त करणारा मूर्ख ठरतो. कचऱ्याचंही तसंच. दक्षिण कोरियाने १९९५ पासून घरच्या कचऱ्यासाठी विकतच्या पिशव्या सक्तीच्या केल्या आणि पुनर्वापराचा माल फुकट उचलायला सुरुवात केली. पिशवी महाग म्हटल्यावर लोक वेगळं करू लागले.

पण इथेही आकड्यांच्या आत शिरलेलं बरं. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात १९९२ मध्ये कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीवर ८० सेंट आकारायला सुरुवात झाली, आणि डॉन फुलर्टन व थॉमस किनामन यांनी काही घरांचा कचरा आधी आणि नंतर चक्क तोलून पाहिला. पिशव्यांचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन फक्त १४ टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी कचरा कमी केला त्याहून जास्त दाबून भरला. शिवाय घटलेल्या कचऱ्यातला सुमारे २८ टक्के भाग बेकायदा कुठेतरी टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. ज्यावर पैसे लावाल ते लोक वाचवतात, तुमच्या मनात असतं ते नव्हे. म्हणून कचऱ्याच्या बाबतीत मी उचलण्याचा मूळ खर्च सगळ्यांवर सक्तीने टाकतो आणि पिशवीचं शुल्क वर थोडंसं ठेवतो. पूर्ण खर्च पिशवीवर टाकला तर नाल्यात सापडलेली प्रत्येक पिशवी काढायला पुन्हा करच लागतो.

पाण्यातही नाकारण्याचा प्रश्न सुटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिल थकलं म्हणून घरगुती पाणी तोडायला १९९९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती मला योग्य वाटते. पाणी तोडलेल्या घरातली रोगराई त्या घरापुरती राहत नाही. पण मग पाण्याचं बिल हे शुल्क कमी आणि कायदेशीर येणं जास्त ठरतं. आयर्लंडने २०१४ मध्ये घरगुती पाण्यावर आकारणी सुरू केली. आधी पाणी सर्वसाधारण करातून मिळत होतं, त्यामुळे लोकांना वाटलं एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतायत. मोठी आंदोलनं झाली, कित्येकांनी बिल भरलंच नाही, २०१६ मध्ये आकारणी थांबली आणि ज्यांनी इमानदारीने भरलं होतं त्यांना पैसे परत करावे लागले. नवं शुल्क लावताना जुना कर तेवढ्याच रकमेने उतरवून दाखवला नाही, तर हिशेब कितीही बरोबर असो, लोक ऐकत नाहीत. ऐकूही नये.

जिथे शुल्काला मी सरळ विरोध करतो ती जागा म्हणजे लसी, प्राथमिक उपचार, प्राथमिक शिक्षण. "थोडं तरी शुल्क असावं, म्हणजे लोकांना किंमत कळते," हे वाक्य बैठकीत हमखास ऐकू येतं. ते तपासून पाहिलं गेलं आहे. केनियात शाळकरी मुलांना जंताचं औषध फुकट मिळत होतं तेव्हा सुमारे ७५ टक्के मुलं ते घेत होती. किरकोळ शुल्क लावलेल्या शाळांत हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली गेलं. मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा हा अभ्यास. तिथेच जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्यूपा यांनी गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या फुकट आणि वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. अर्ध्या डॉलरच्या आसपासच्या किमतीनेही मागणी कोसळली, आणि विकत घेणाऱ्या बायका ती फुकटवाल्यांपेक्षा जास्त वापरत होत्या असंही दिसलं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळे आरोग्यविमे दिले. खिशातून मोठा हिस्सा भरावा लागणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. पण त्यांनी अनावश्यक आणि आवश्यक उपचार सारख्याच प्रमाणात टाळले. सरासरी माणसाचं त्यात फारसं बिघडलं नाही, हेही सांगायला हवं. बिघडलं ते गरीब आणि आधीपासून आजारी असलेल्यांचं, उदाहरणार्थ त्यांचा रक्तदाब आटोक्यात राहिला नाही.

गरिबांना सवलत द्या की, असं यावर म्हटलं जातं. द्यायला हरकत नाही, पण सवलतीचा खर्च कोणी मांडत नाही. गरीब कोण हे ठरवायला माणूस बसवायचा, दाखले तपासायचे, दरवर्षी नूतनीकरण, तक्रारी, अपिलं. छोट्या शुल्कांच्या बाबतीत गोळा करण्याचा आणि माफ करण्याचा खर्च मिळून जमेच्या मोठ्या भागाला खाऊन टाकतो. दाखला आणायला एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

कराची बाजू घेतोय म्हणून करांचे दोष झाकणार नाही. कर आहे म्हणजे तो न्याय्यच असतो असं मुळीच नाही. ब्रिटनने १९८९–९० मध्ये स्थानिक सेवांसाठी माणशी सारखा कर लावला, मोठ्या बंगल्यातल्याला आणि भाड्याच्या खोलीतल्याला जवळपास एकच रक्कम. दंगली झाल्या आणि १९९३ मध्ये तो रद्द करून पुन्हा घराच्या किमतीवर आधारलेला कर आणावा लागला. आणि तुमची तक्रार, की कर तिजोरीत गेला की त्याचा माग लागत नाही, ती शंभर टक्के रास्त आहे. यावर नेहमी सुचवला जातो तो उपाय म्हणजे राखीव उपकर: अग्निशमनाच्या नावाने घेतलेला पैसा अग्निशमनावरच. ऐकायला छान. प्रत्यक्षात मी काय होताना पाहतो? उपकरातून जेवढे आले तेवढे सर्वसाधारण निधीतून कमी केले जातात, आणि ठाण्याला मिळणारी एकूण रक्कम तिथल्या तिथेच राहते. उपकराचं खातं स्वच्छ दिसतं, ठाण्यातली गाडी जुनीच. म्हणून उपकर आहे का हे न विचारता त्या सेवेवर गेल्या पाच वर्षांत एकूण किती खर्च झाला, ते विचारा. अंदाजित नव्हे, प्रत्यक्ष. हा एक तक्ता प्रत्येक सेवेसाठी जाहीर झाला, तर वर्गणीच्या पावतीतून तुम्हाला जे हवंय त्यातलं बरंचसं मिळेल.

इथवरचं गोळा करायचं तर माझी चाळणी अशी आहे. खर्च मुख्यतः तयारीचा असेल आणि न भरणाऱ्याला नाकारणं अशक्य किंवा अमानुष असेल, तर सक्तीचा कर, शक्यतो ज्याला संरक्षण मिळतं त्या गोष्टीच्या प्रमाणात. खर्च वापरागणिक वाढत असेल आणि वापर माणसाच्या हातात असेल, तर मीटर किंवा पिशवी, पण गरजेपुरती मात्रा स्वस्त ठेवून. एकाने सेवा न घेतल्याने दुसऱ्याचं नुकसान होत असेल, तर शुल्काचं नावही नको. आणि ज्याच्याविना कोणाचं काही अडत नाही, नाकारताना कोणाला अपराधी वाटत नाही, तिथे खुशाल ऐच्छिक शुल्क ठेवा: परवान्याची तातडीची प्रत, सभागृहाचं भाडं, वाहनतळ. यांच्यासाठी कर वापरणं हाच उलट अन्याय. पथदिवे पहिल्या गटात, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या रुग्णवाहिकेच्या सभासदत्वाबद्दल. योजना खासगी असल्याने ती वाईट असं मी म्हणणार नाही, पण सही करण्याआधी माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा. सभासद नसलेल्याचा फोन आला तर गाडी पाठवतात का? पाठवत असतील, तर तुम्ही गाडीसाठी पैसे देत नाही, बिलातल्या सवलतीसाठी देताय. मग ती सवलत किती आणि तुमचा आरोग्यविमा तोच खर्च आधीच देतो का, एवढंच पाहायचं. सभासद वाढले तर गाड्या वाढवण्याचं बंधन त्यांच्यावर आहे का? नसेल, तर तुमच्याबरोबर आणखी हजारो जण त्याच दोन गाड्यांवर हक्क विकत घेतायत. आणि तिसरं, गाडी तुम्हाला ज्या रुग्णालयात नेईल ते तुम्हाला दाखल करून घेईलच ना? अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आपत्कालीन विभाग चालवणाऱ्या जवळपास सगळ्या रुग्णालयांवर, पैसे असोत नसोत, रुग्णाला तपासून स्थिर करण्याचं बंधन घातलं, पण त्यासाठी वेगळा निधी दिला नाही. तो खर्च मग इतर रुग्णांच्या बिलांत शिरला. बंधन घालायचं पण पैशांची सोय करायची नाही, अशी पळवाट कुठल्याही व्यवस्थेत असू शकते. तुमच्या योजनेत रुग्णालय ठरलेलं असेल, तर त्याच्याशी झालेल्या कराराची मुदत विचारून घ्या, आणि ती सभासदत्वाच्या मुदतीपेक्षा आधी संपत असेल तर वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका.